टीव्हीकडे पाठ करून

(एरंडोल. रविवारची दुपार. निवृत्त शिक्षक यादव सरांच्या घराची पुढची खोली. टीव्हीवर मोटारींची शर्यत चालू आहे, आवाज बंद आहे. शेजारची तेरा वर्षांची चेलना टीव्हीकडे पाठ करून बसली आहे.)

चेलना : सर, अजून दिसतंय मला. बाबासाहेबांच्या फोटोच्या काचेत. आत्ता निळं काहीतरी हललं.

यादव सर : मग खुर्ची फिरव. फोटोवर काही टाकायचं नाही.

चेलना : टाका म्हटलं का मी? फिरवते. हं, आता दाराकडे तोंड झालं. आता फक्त तुमची स्कूटर दिसते आणि दोरीवरचे कपडे.

यादव सर : स्कूटरच्या आरशात नाही ना दिसत?

चेलना : आरशावर धूळ आहे, सर. खूप. सांगा ना आता! माझा निळ्या गाडीवाला मिको कितवा?

यादव सर : सांगतो. आधी हे समजून घे, की आता टायर बदलायची वेळ जवळ आलीय. मऊ टायर म्हणजे कसा...

चेलना : मऊ खडू! फळ्यावर ठळक उमटतो, पण लवकर झिजतो. हे तुम्ही मागच्या शर्यतीला सांगितलं. त्याच्या आधीच्या शर्यतीलाही सांगितलं. आणि टायरचं तुम्हाला शिकवलं कुणी? मी!

यादव सर : टायरचं तू शिकवलंस. खडूचं माझं आहे.

चेलना : सर, कितवा?

यादव सर : तिसरा.

चेलना : तिसरा! अहो मग हे आधी सांगायचं ना! पहिला कोण?

यादव सर : पिवळी गाडी. तो दुवाल. दुसरी एक हिरवी आहे, तिचं नाव वाचेपर्यंत पट्टी सरकली. चष्मा बदलायला हवा. आवाज चालू करू का? तो इंग्रजीत सगळं पटापट सांगतो.

चेलना : नको नको. तो ओरडला की माझी मान आपोआप वळते. मागच्या वेळी अर्धी वळली होती. डोळे मिटले म्हणून वाचले.

यादव सर : हिरवी आत गेली. टायर बदलायला.

चेलना : म्हणजे मिको दुसरा झाला! झाला ना? आता त्याला आत बोलवू नका म्हणावं. सर, त्या निळ्या संघातली माणसं ना, मला एकदा भेटली पाहिजेत. पहिल्या शर्यतीत काय केलं? चाकाचा नट बसवला नाही. चाक पुढे आणि मिको मागे!

यादव सर : ते मीही पाहिलं होतं. तेव्हा तू याच खोलीत उशी फेकली होतीस.

चेलना : मग काय करू? दुसऱ्या शर्यतीत पावसाचे टायर लावले आणि ऊन पडलं. तिसरीत बरोबर चालला होता, तर आपल्याच संघाच्या दुसऱ्या गाडीनं ठोकलं. आपल्याच! शाळेत प्रशील मला म्हणतो, तुझी निळी गाडी म्हणजे पंक्चर काढायचं दुकान.

यादव सर : प्रशीलची कोणती?

चेलना : पिवळी. त्याला काय, जो जिंकतो तो त्याचा.

यादव सर : बाळ, एक विचारू? तो इतका हरतो, तर तुला तोच का आवडतो?

चेलना : तो हरत नाही, सर. त्याला हरवतात. गाडी चालवायला तो सगळ्यांत चांगला आहे. बंद पडते ती गाडी, नट विसरतात ते लोक, आणि पट्टीवर नाव येतं त्याचं. आणि नंतर विचारलं की तो म्हणतो, पुढच्या वेळी बघू. एकदासुद्धा संघाला नावं ठेवत नाही. मी ठेवते, त्याच्या वाटची.

यादव सर : ते ऐकू येतं मला. कधी कधी गल्लीलाही.

चेलना : पण आता सुधारलंय. मी नियम घेतल्यापासून एकदाही बंद पडला नाही तो. बघत होते तोवर प्रत्येक वेळी काहीतरी व्हायचं. बघणं सोडलं आणि लगेच पाचवा आला. मग चौथा. आज दुसरा चाललाय. म्हणजे बघा.

यादव सर : काय बघू?

चेलना : माझ्या नियमामुळे.

यादव सर : अगं, मी शाळेत जायला निघालो की फाटकातली गाय रोज उठायची. मला बरीच वर्षं वाटायचं, मला मान देते. नंतर कळलं, तिचा मालक त्याच वेळी पेंड घेऊन यायचा. दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणून...

चेलना : सर, गाय राहू द्या. पिवळी कुठे आहे?

सज्जनबाई : जय जिनेंद्र, सर. आमची छोरी इथे आहे का?

यादव सर : जय जिनेंद्र, सज्जनबाई. या, बसा. आहे की.

सज्जनबाई : घरी बठ्ठे, लहानमोठे सगळे ताटावर बसलेत आणि ही इथे! चेलना, बाटी गार होते. आणि तू दाराकडे तोंड करून काय बसलीस? सरांनी शिक्षा केली का?

चेलना : दादी, थोडंच राहिलंय. प्लीज. मी बघत नाहीये, सर सांगतायत.

सज्जनबाई : हां! म्हणजे टीव्ही बघायचा नाही, ऐकायचा? हा कुठला ग धरम?

चेलना : नियम स्क्रीन बघायची नाही असा आहे. मी महासतीजींना विचारलंय. त्या हसल्या आणि म्हणाल्या, कानांनी बघत असशील तर ते तुझं तू ठरव.

सज्जनबाई : सर, काय सांगू तुम्हाला. चातुर्मास बसला तेव्हा आमच्या जैन स्थानकात साध्वी, म्हणजे या महासतीजी, मुलांना म्हणाल्या, सगळ्यांत आवडतं ते सोडा. आमच्या अर्पितनं उभं राहून कारलं सोडलं.

यादव सर : त्याला कारलं आवडतं?

सज्जनबाई : जन्मात तोंडाला लावलं नाही. पलकनं चॉकलेट सोडलं, पण आइस्क्रीम ठेवलं. आणि ही उठून मोठ्यानं म्हणाली, कार्तिकी पौर्णिमेपर्यंत कुठलीच स्क्रीन नाही. अख्खं स्थानक वळून बघायला लागलं.

चेलना : तू अठ्ठाई केली होतीस ना. आठ दिवस नुसत्या पाण्यावर. मग मी काय कारलं सोडू? आणि मला काय माहीत, अर्ध्या शर्यती चातुर्मासातच आहेत. आधी वेळापत्रक बघायला पाहिजे होतं.

सज्जनबाई : वेळापत्रक बघून घेतात त्याला नियम नाही म्हणत, बेटा. त्याला सुट्टी म्हणतात.

चेलना : सर! शर्यत!

यादव सर : हो, हो. पिवळी आत जाते आहे. आता इथे एक गंमत आहे. मिको बाहेरच राहिला, म्हणजे तो पुढे जाईल, पण त्याचे टायर जुने आणि पिवळीचे नवे. म्हणजे कसं, की एक मुलगा परीक्षेला आधी बसला, पण त्याच्या पेनातली शाई...

चेलना : पुढे गेला का? सर, एवढंच! गेला का पुढे?

सज्जनबाई : निळी ना? गेली.

चेलना : दादी, तुला दिसतंय?

सज्जनबाई : मला काय झालंय न दिसायला? मी गोड सोडलंय, टीव्ही नाही. निळी पुढे. पिवळी आत उभी. माणसं चिकटली तिला. सुटली. निळी लांब गेली.

चेलना : सर, रागावू नका. दादीला सांगू दे.

यादव सर : रागावायचं काय त्यात. सज्जनबाई, या खुर्चीवर या. इथून नीट दिसतं.

सज्जनबाई : ह्या गाड्यांना मडगार्ड का नाही?

यादव सर : यांची चाकं उघडीच असतात. वजन कमी व्हावं, वारा...

सज्जनबाई : पाऊस आला की मागच्याचं तोंड भरत असेल चिखलानं. आणि जायचं कुठे आहे यांना? मघापासून तेच झाड येतंय.

चेलना : कुठेच नाही, दादी. गोल फिरायचं.

सज्जनबाई : घाण्याचा बैलसुद्धा गोल फिरतो, पण तेल तरी निघतं. हं, पिवळी येते ग मागून.

चेलना : किती मागे?

सज्जनबाई : आपल्या घरापासून घेवरचंदजींच्या दुकानाइतकी.

चेलना : आता?

सज्जनबाई : आता सरांच्या ओट्याइतकी. आली. आली. वळणावर आत घुसते मेली... नाही. आपल्यानं दार लावून घेतलं.

यादव सर : उत्तम बचाव केला. याला म्हणतात...

चेलना : सर, नंतर! आता, दादी?

सज्जनबाई : परत तेच. सरळ रस्त्यावर पिवळी एकदम चिकटते. असं का होतं हो, सर?

यादव सर : पुढची गाडी वारा कापते. मागच्याला आयता मोकळा रस्ता मिळतो. धरणगावच्या रस्त्यानं केळीच्या ट्रकमागे सायकल लावली की पाय हलके पडतात ना, तसंच.

सज्जनबाई : म्हणजे मेहनत आपल्या पोराची आणि फायदा पिवळीचा. बाजारात चालतं तसंच इथे.

चेलना : आपला पोरगा म्हणाली! सर, ऐकलंत? दादी आपल्या बाजूला आली. किती फेऱ्या राहिल्या?

यादव सर : दोन.

चेलना : दोनच! आता चुकू नको म्हणावं त्याला.

सज्जनबाई : पिवळी मागे पडली!

चेलना : खरं?

सज्जनबाई : चुकली वळणावर. मातीत गेली, परत आली. आता लांब आहे. बरीच लांब. निळी एकटीच चाललीय. चेलना, अग ती माणसं बघ, कठड्यावर चढलीत निळे कपडे घालून. एक तर डोळे झाकून बसलाय.

चेलना : तो बॉस असेल! सर, तो पहिला येणार. सबंध सीझनमध्ये पहिल्यांदा!

यादव सर : शेवटची फेरी सुरू झाली.

सज्जनबाई : बेटा, वळ.

चेलना : काय?

सज्जनबाई : वळ आणि बघ. एवढे दिवस पाळलंस. हे एकदाच येतं. मी तुझ्याबरोबर स्थानकात येईन. प्रायश्चित्त देतील ते आपण दोघी करू.

चेलना : दादी, तू नको ना असं बोलू! तू म्हटलंस की मला खरंच वळावंसं वाटतं. सर, तुम्ही सांगा तिला.

यादव सर : मी काय सांगू? नियम तुझा आहे. तू वळलीस तर माझ्या मनातून उतरणार नाहीस, एवढं सांगतो.

चेलना : असं नका ना म्हणू! कुणीतरी नाही म्हणा ना मला!

सज्जनबाई : मोठं वळण पार केलं. आता तेच झाड. आता सरळ.

चेलना : नाही वळत मी. मी वळले की काहीतरी होईल. खुर्ची धरून ठेवलीय मी. बघा, दोन्ही हातांनी. सांगत राहा, दादी.

सज्जनबाई : चाललीय. चाललीय. मागून पांढरं काय निघतंय ते?

चेलना : काय पांढरं?

सज्जनबाई : वाफेसारखं.

यादव सर : धूर आहे.

चेलना : कुणाच्या गाडीतून? दादी? सर, बोला ना, कुणाच्या?

सज्जनबाई : हळू झाली ग. बाजूला घेतली गवताकडे.

चेलना : कोणती?

सज्जनबाई : निळी.

चेलना : खोटं.

सज्जनबाई : पिवळी गेली पुढून. हिरवी पण गेली.

चेलना : मी वळले नव्हते, सर.

यादव सर : नाही वळलीस.

चेलना : तुम्ही बघितलं ना? मी अजिबात वळले नाही. दादी म्हणाली तरी नाही.

यादव सर : मी बघितलं, बाळ. तू हलली नाहीस.

चेलना : मग का?

सज्जनबाई : सर, सांगा ना तिला. बठ्ठं समजावून सांगता तुम्ही.

यादव सर : गाडी का बंद पडली ते उद्या पेपरात येईल. ती जे विचारते आहे, ते मला येत नाही.

चेलना : काही उपयोग नाही. नियमाचा पण नाही आणि त्या लोकांचा पण नाही. कंटाळा आलाय मला. वळते मी आता. कशाला बसायचं असं येड्यासारखं स्कूटर बघत? पौर्णिमेपर्यंत कुणासाठी पाळू?

सज्जनबाई : मी मघाशीच म्हटलं, वळ. आताही तेच म्हणते. तुला कोणी बोलणार नाही.

चेलना : वळते.

यादव सर : हं.

चेलना : तो काय करतोय?

सज्जनबाई : उतरला. गाडीला हात लावून उभा आहे. माझा भाऊ रुपचंद घोडी विकली तेव्हा असाच उभा होता.

चेलना : रडतोय?

सज्जनबाई : कसं कळणार? हेल्मेट आहे ना. पुढची काचही काळी.

चेलना : काढलं नाही?

सज्जनबाई : नाही काढलं. तसाच चालत निघाला गवतातून. तो टीव्हीवाला बघ कसा त्याच्या मागे मागे फिरतोय. अगदी तोंडाजवळ नेतोय.

चेलना : सर, टीव्ही बंद करा.

यादव सर : तुला कुठे दिसतंय, बाळ?

चेलना : त्याला दाखवायचं नाहीये, म्हणून काढत नाहीये तो. बंद करा ना.

यादव सर : बरं. केला बंद.

चेलना : पूर्ण?

सज्जनबाई : पूर्ण. काळा झाला.

चेलना : मग वळते.