बुधवारचा बिल्ला

सन्माननीय अध्यक्षबाई, व्यासपीठावरचे अधीक्षक साहेब, आजचे सत्कारमूर्ती आपले हजेरीबाबू, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, रुग्णालयाच्या या धुलाईखान्यातल्या माझ्या बहिणींनो आणि भावांनो, आणि तिसऱ्या रांगेत खांबाला टेकून बसलेल्या आई,

मला दहा मिनिटं दिली आहेत. अध्यक्षबाई मला ओळखून आहेत, म्हणून त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय.

हजेरीबाबूंनी एकतीस वर्षं एकच काम केलं. आपण दाराजवळच्या पेटीतून आपापला पितळी बिल्ला उचलायचा, फळीवरच्या खिळ्याला टांगायचा. साडेसात वाजता बाबूंनी फळी पाहून हजेरी लिहायची. माणूस पाहायचा नाही, बिल्ला पाहायचा, असा इथला नियम. पण फळी पाहण्याआधी बाबू चष्मा पुसायचे. आमच्याकडे पाठ करून, चांगला मिनिटभर. त्या मिनिटात कुणाचं पोर आजारी असेल, कुणाची गाडी चुकली असेल, तर तिचा बिल्ला दुसरी टांगून टाकायची. वहिनी, तुम्ही म्हणता यांना समोरचं दिसत नाही. यांना पाठीमागचंसुद्धा दिसायचं.

हसलात, बरं वाटलं. आता ऐका.

चादरीची घडी एकटीला घालता येत नाही. समोर जोडीदारीण लागते. माझी जोडीदारीण होती बारकी. मी संघटनेबद्दल तावातावानं बोलायला लागले की ती म्हणायची, "भाषण नंतर दे गं, आधी टोक धर."

एकदा तिची बाही वर सरकली. दंड काळानिळा. म्हणाली, "कपाट लागलं." मी म्हटलं, "तुझ्या घरात कपाटं तरी किती?" ती हसली. मग हळूच म्हणाली, "कधी उशीर झाला तर बिल्ला तेवढा टांगत जा."

मी टांगत गेले. फाटकावर उभी राहून बाईच्या हक्कांवर घसा फोडणारी मी. तिच्या घराच्या दारावर मी एकदा तरी थाप मारली का? नाही. बिल्ला टांगणं सोपं होतं.

नऊ वर्षांपूर्वी एका सोमवारी ती आली नाही. मी बिल्ला टांगला. मंगळवारी टांगला, बुधवारी टांगला. तोंडावर मार असला की ती दोन-तीन दिवस येत नसे, त्यातलंच हे, असं मी धरून चालले. बाबूंनी तिन्ही दिवस चष्मा पुसला.

गुरुवारी तिचा नवरा फाटकावर आला. "बायको काल कामावरून घरी आली नाही," म्हणाला. लक्षात घ्या, काल म्हणाला. स्वतः सोमवारी दुपारपासून बुधवारी रात्रीपर्यंत परगावी भावाकडे होता, तिथं चाळीस माणसांनी त्याला पाहिलेलं. आणि शेजारीण सांगत होती की रविवारी संध्याकाळी त्या घरात आरडाओरडा झाला, मग एकदम शांत झालं, त्यानंतर बारकी कुणाला दिसली नाही. पण शेजारणीचं कोण ऐकतो? फौजदारांनी हजेरीचं पुस्तक उघडलं. सोमवार हजर, मंगळवार हजर, बुधवार हजर. म्हणाले, "रविवारी काही झालं असतं तर बुधवारी बाई कामावर आली असती का?" मला विचारलं, "होती ना बुधवारी?" खोटा बिल्ला म्हणजे दोघींची नोकरी जाणार. मी म्हटलं, "होती." बाबूंना विचारलं, "हजेरी खरी?" बाबू म्हणाले, "अक्षर माझं आहे."

त्यानं काय केलं ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसलेलं मी बोलणार नाही. पण एवढं सांगते. बारकी घरी पडून असायची तेव्हाही तिचा पगार कधी कापला गेला नाही, हे त्या घरात त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? आमची माया त्याला आमच्याहून जास्त कळली होती. आपण दया केली म्हणता? ही कसली दया? जिनं मार झाकला, आणि मग माणूसच झाकून टाकलं?

गेल्या आठवड्यात बाबू माझ्याकडे आले. म्हणाले, "माझं कौतुक करणार असशील तर बोलू नकोस. ते बोलणार असशील तर बोल." म्हणून मी उभी आहे. उद्या सकाळी दहा वाजता आम्ही दोघं चौकीत जबाब द्यायला जातोय. अधीक्षक साहेब, माझ्यावर जी कारवाई करायची ती खुशाल करा. आणि बहिणींनो, आज टाळ्या नकोत. उद्या चौकीच्या दारात या. टोक धरायला माणसं लागतील.

बारकीच्या आई, तुम्ही दर महिन्याला फाटकावर येता आणि मला एकच विचारता, "बुधवारी तिच्या अंगावर काय होतं गं?" पहिल्यांदा मी म्हटलं, "निळं." नऊ वर्षं तुम्ही बाजारात, दवाखान्यात, स्टेशनवर निळ्या कपड्यातली बाई शोधताय. आई, तिच्या अंगावर काय होतं ते मला माहीत नाही. बुधवारी ती आलीच नव्हती.

अध्यक्षबाई, वेळ संपली. ऐकून घेतलंत, सगळ्यांची आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. त्या तीन बिल्ल्यांचं मात्र घालू नका.