डॅशबोर्डवरचा लाल दिवा

नवीन गाडी घेतोयस ना, म्हणून सांगतो. नव्वदच्या दशकात मी शारजात गाड्या विकायचो. एक अरबाब, म्हणजे तिथला अरब मालक, आला. ससाणा घेऊन वाळवंटात शिकारीला जायला त्याला फोर-बाय-फोर हवी होती. सोबत ड्रायव्हर, गुहागरचा सीताराम.

सीताराम कोपऱ्यातल्या जुन्या गाडीपाशी थांबला. "साहेब, हीच द्या. तंबू ठोकायला मी एक दिवस आधी एकटाच जातो. ही बंद पडली तर मला दुरुस्त करता येते."

मला नवीन मॉडेल खपवायचं होतं. मी अरबाबला म्हणालो, "ये कभी धोका नहीं देगी." त्याने नवीनच घेतली.

निघताना सीतारामने डॅशबोर्डकडे बोट दाखवलं. "एवढे दिवे कसले हो?"

माझं दुसरं गिऱ्हाईक खोळंबलं होतं. मी म्हणालो, "लाल लागला की रेडिएटरमध्ये पाणी ओत. खलास."

पहिल्याच खेपेला तो वाट चुकला आणि गाडी वाळूत बंद पडली. चौथ्या दिवशी सापडला, गाडीच्याच सावलीत. गेलेला.

गाडी आमच्याकडेच आणली. मेकॅनिकने बघितली. म्हणाला, "इंजिन तापलंच नव्हतं. दिवा बॅटरीचा लागला होता."

तोही लालच असतो.

रेडिएटर काठोकाठ भरलेला होता. प्यायच्या पाण्याचा वीस लिटरचा कॅन रिकामा. दिवा विझत नाही म्हणून तो ओततच राहिला असणार. मीच सांगितलं होतं ना.