लायसन माझ्या नावाचं

माझं माहेर बपेऱ्याचं, आन लगन होऊन मी आली इकडं कोंढ्याले. बारावी शिकलेली. माझा नवरा मास्तर, सरकारी नोकरी, त्याले विम्याची एजन्सी घेता येत नाही, म्हणून म्हणे परीक्षा तू दे, लायसन तुझ्या नावानं, धंदा मी पाहतो. इकडं लय मास्तर असंच करतेत. काय सांगू तुम्हाले, चुलीपाशी पुस्तक धरून अभ्यास केला मी, एका फटक्यात पास झाली, आन त्याच्यानंतर एक कागद मले वाचू देल्ला नाही यानं! फारम समोर ठेवे, सही कर म्हणे, मी तांदूळ निवडता निवडता सही करो. मीच येडी.

गावातले फौजी सुटीवर आले का हा त्यांच्या घरी जाऊन बसे. आमच्या गल्लीतला सुरेश असाच आला होता, पंधरा दिवसांनी शांतिसेनेत परदेशात जाणार होता, आन त्यानं तसं तोंडानं सांगतलं ना याले! फारमात विचारतेत, बाहेर देशात जाणार काय? हो लिहिलं का पलटणीचे कागद लागतेत, टाइम जाते, म्हणून यानं नाही असं लिहून टाकलं. आन खाली एजंटाचं लिहिलेलं असते, मी यांले स्वतः भेटून सारं विचारलं, याच्यावर सही कोणाची? माझी. मी त्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता!

सुरेश तिकडं गाडी उलटून मेला. कंपनीचं पत्र आलं, माहिती लपवली, विमा भेटत नाही. त्याची बायको वनिता पोरगी कडेवर घेऊन माझ्या दारात आली, म्हणे काकू, यायनं मास्तरले सांगतलं तवा मी चहा घेऊन तिथंच उभी होती, तुमी काहून नाही लिहिलं? मास्तर आतून म्हणे, सांग तिले, त्यानंच लपवलं. मेलेल्या माणसावर ढकलून राहिला हा! माझं डोकंच फिरलं.

दुसऱ्या दिवशी एस्टी धरून भंडाऱ्याले गेली आन विम्याच्या हापिसात साहेबाले खरं काय ते सारं सांगतलं. घरी आल्यावर मास्तर म्हणे माझी नोकरी जाईन, तुले लाज नाही वाटत? म्हटलं, तुले वाटली काय? लगन झाल्यापासून पहिल्यांदा अहो सोडून ‘तुले’ म्हटलं मी त्याले. तुमी लिहून राहिले ना, लिहा, तसंच लिहा.

आता दोन महिने झाले, बोलत नाही तो, वाढलं तं खाते. चौकशी चालू हाय. लायसन जाईन माझं, जाऊ दे. वनिताच्या पोरीले तिच्या बापाचं भेटो, देवाजवळ एवढंच मागणं. त्या दिवशी हापिसातल्या बाईनं माझं बोलणं टाइप करून कागद पुढं सरकवला, म्हणे ताई, इथं सही करा. म्हटलं थांबा, आंधी मले वाचू द्या.