पिवळी रेघ

धाकटा : चाक वर-खाली धरलं की जरा खटखटतंय. तीन वर्षं गाडी ताडपत्रीखाली उभी होती, रबर वाळणारच. खालचा बॉलजॉइंट बदलू, झालं.

मिस्त्री : आता आडवं धर. आडवं हलव.

धाकटा : आडवं घट्ट आहे.

मिस्त्री : पुन्हा हलव.

धाकटा : दादा, तिसऱ्यांदा हलवतोय. स्टिअरिंगच्या जॉइंटला कणभर खेळ नाही. तूच ये की खाली. गाडी आल्यापासून त्या स्टुलाला चिकटून बसलायस.

मिस्त्री : नटावर माझी रेघ दिसते का?

धाकटा : चिखल खरवडतो, थांब. दिसते. पिवळी, नटावरून बोल्टावर सरळ. तुटलेली नाही.

मिस्त्री : रेघ असणारच. रेघ मारल्याचं मला आठवतंय. पिन घातल्याचं आठवत नाही.

धाकटा : नट आवळायचा, तो सुटू नये म्हणून पिन घालायची, मग काम झाल्याची खूण म्हणून रेघ. मला तूच शिकवलंस.

मिस्त्री : त्या दिवशी मास्तर गाडी न्यायला तिथे दारात उभे होते. एरवी तासभर गप्पा मारायचे, त्या दिवशी नुसतं "झालं का?" म्हणाले. माझ्या हातात ब्रश आधी आला. रेघ मारली आणि गाडी जॅकवरून उतरवली. संध्याकाळी गाडी खाणीच्या वळणावर सरळ कठड्यात गेली, मास्तर जागीच गेले.

धाकटा : म्हणून तीन वर्षं प्रत्येक गाडीखाली दोन-दोनदा शिरून पिना चाचपतोस होय? गिऱ्हाईकं हसतात रे.

मिस्त्री : हसू देत. पिन बघ.

धाकटा : अजून थोडा चिखल आहे. दादा.

मिस्त्री : नाही ना?

धाकटा : आहे. दोन्ही पाय वाकवलेले, एक वर, एक खाली. तुझीच पद्धत. काढूनच देतो, ही घे. धर हातात. सुटलास तू.

मिस्त्री : गंजलीय.

धाकटा : गंजू दे की. होती ना जागेवर? अरे, रडतोस काय? पूस डोळे, वहिनी येतायत.

(बाई, मास्तरांच्या पत्नी, आत येतात. मिस्त्री मूठ मिटतो.)

बाई : मिस्त्री, झालं का बघून?

मिस्त्री : बसा, वहिनी. स्टूल घ्या.

बाई : बसत नाही. गाडी विकायचीच आहे. पण त्याआधी ती तुम्हीच उघडावी असं वाटलं. तेव्हा चाक काढून कोणी पाहिलंच नाही. अपघात म्हणून लिहिलं नि मोकळे झाले.

मिस्त्री : काय बघायचं होतं तुम्हाला?

बाई : वीस वर्षं त्याच वळणावरून शाळेत गेले हे. डोळे मिटून वळले असते. त्या दिवशी जाताना घड्याळ काढून लेकीच्या टेबलावर ठेवलं. कधी काढायचे नाहीत. आता लेक अठराची झालीय. परवा मला म्हणाली, आई, बाबांनी वळवलंच नाही का गं?

धाकटा : वहिनी, आत्ताच आम्ही बघितलं, सगळं अगदी...

मिस्त्री : तू बाहेर जा.

धाकटा : दादा, अरे पण...

मिस्त्री : जा म्हटलं ना. बाहेरचा पाना घेऊन ये.

बाई : काय बघितलंत?

मिस्त्री : स्टिअरिंगचा जॉइंट सुटला होता, वहिनी. डावीकडचा. नटाला पिन लागते, ती मी घातली नव्हती. विसरलो.

बाई : तुम्ही विसरलात?

मिस्त्री : मी. तेव्हाच मनात आलं होतं. सांगायला तोंड झालं नाही.

बाई : तीन वर्षं?

मिस्त्री : हो.

बाई : आणि मुठीत काय आहे?

मिस्त्री : काही नाही. भंगार.

बाई : मिस्त्री, तुम्हाला काय बोलायचं ते मी नंतर बोलेन. आधी एवढंच सांगा. म्हणजे ह्यांनी वळवलं होतं?

मिस्त्री : पुरतं वळवलं होतं, वहिनी. चाकानं ऐकलं नाही.