आठ फोनांचं तळं

आणि वर मलाच विचारतात, "काका, तुमच्या फोनची रॅम किती?" अरे, एकतीस वर्षं बातमीदारी केली मी! भर सभेत उठून मंत्र्याला प्रश्न विचारलेत, रेतीच्या ट्रकपुढे मोटरसायकल आडवी घातली आहे, तेव्हा कुणी विचारलं नाही की तुमची रॅम किती! आता विचारतात. का? तर फोटो उघडत नाही. कुठला फोटो? तेच तर सांगतोय, बसा ना!

तुम्हाला सांगतो, आंधळगावच्या पुढं एक गाव आहे, नाव राहू द्या. गावाला तळं. तळ्याच्या मातीच्या पाळीत, बांधात, तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दगडी दार. त्या तुडुमाच्या तोंडाशीच लक्ष्मणरावांनी भिंत उभी केली. लक्ष्मणराव म्हणजे लॉनवाले. लोकांची लग्नं लावतात, आणि लग्नाला म्हणे तळ्याकाठची हवा लागते! इकडं खाली धानाच्या रोपांचे पऱ्हे पिवळे पडायला लागले, लावणी म्हणजे आमची रोवणी तोंडावर, पाऊस दडी मारून बसलेला, आणि पाणी? भिंतीमागे!

मी फोटो छापले नाहीत का? छापले! तर हे लक्ष्मणराव तहसीलच्या साहेबांना सांगतात, "कॅमेऱ्याची करामत आहे जी साहेब, भिंत दूर हाय, फोटोत जवळ दिसून राहिली." साहेब पाहणीला आले, तेही लॉनच्या फाटकातून! खुर्ची मांडलेली, थंड सरबत, आणि खुर्चीची पाठ बरोब्बर भिंतीकडे. आता बोला!

तेव्हा मी म्हटलं, थांब लेका. आमच्या पेपरच्या नागपूर ऑफिसनं नुकतीच नवी टूम काढली होती, चौफेर फोटोची. मधोमध काठीवर कॅमेरा उभा करायचा, तो चारही बाजूंचं एकसंध चित्र घेतो. बघणाऱ्यानं नुसतं बोटानं सरकवायचं... पाळ, तुडूम, भिंत, मारुतीचं देऊळ, की परत पाळ! जवळचं जवळ, दूरचं दूर. लबाडीला जागा कुठंय? मी पाळीवर गेलो, काढला फोटो, आणि मंगळवारी तहसीलीत गावाच्या तक्रारीच्या सुनावणीला छाती काढून उभा राहिलो. "साहेब, बघा!" म्हटलं, बोट ठेवलं, आणि...

मधोमध चक्र. गर गर गर गर!

साहेब बघतायत, लक्ष्मणराव बघतायत, गावचे वीसेक लोक माना लांब करून बघतायत, आणि चक्र फिरतंय! मग एकदाचं काहीतरी दिसलं. काय दिसलं? तर ताकात हिरवा रंग कालवल्यासारखं! फोनला पूर्ण चित्र झेपेना, म्हणून त्यानं आपल्या मनानं चित्र लहान करून दाखवलं. भिंतीच्या जागी एक करडा ठिपका. साहेब चष्मा वर करून म्हणाले, "हे काय आहे?" लक्ष्मणराव तत्पर! "म्हैस बसली हाय जी साहेब. तळ्यावर म्हशी राह्यतेच."

म्हैस! पंधरा फूट सिमेंटची भिंत, आणि म्हैस! मी चिडून दोन बोटांनी चित्र मोठं करायला गेलो, तर फोन काळा, बंद, आणि परत चालू केला की... चक्र!

साहेब म्हणाले, "जेवणाच्या सुट्टीनंतर दाखवा. नाही दिसलं तर तक्रार निकाली."

आली का पंचाईत? बाहेर कडुलिंबाखाली सगळे जमलो. गोपीचंद म्हणाला, "काका, फोनमंधी जागा नसन. खाली करा." हा गोपीचंद गावातला हुशार माणूस, म्हणजे गावाचं तसं मत आहे. झालं! एकानं सुप्रभातचे फोटो उडवले, दुसऱ्यानं गावच्या दंडारीचं, म्हणजे लोकनाट्याचं, चित्रण उडवलं, गोपीचंदनं तर मेव्हण्याच्या लग्नाचा अख्खा व्हिडिओ उडवला, "तसाही तो माह्यासंग बोलत नाही" म्हणून. मी काय काय उडवलं ते विचारू नका. फोटो लावला. चक्र! गर गर गर गर!

शेवटी नागपूरला दामिनीला फोन लावला, स्पीकरवर. दामिनी म्हणजे आमच्या पेपरची तांत्रिक बाजू बघणारी पोरगी, वय चोवीस, बोलणं शाळामास्तरणीचं. "काका, फाईल पंचवीस एमबीची आहे, पण ती मिटलेली. उघडली की फोनच्या चालू मेमरीत, म्हणजे रॅममध्ये, पाचशे एमबी होते! तुम्ही साठवणीची जागा रिकामी करताय, ती वेगळी, ही वेगळी."

मला काय कळलं? काही नाही! बाजूला कुंताबाई बसल्या होत्या. चार एकर धान त्याच तुडुमाखाली, सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता बाईंनी. त्या हातांनी पातेल्याचा आकार दाखवत म्हणाल्या, "अजी, सोपं हाय. मूठभर तांदूळ शिजला का गंजभर होते. तुमी कोठी खाली करून राहिले, चुलीवरचा गंजच लहान हाय त काय करान?"

एकतीस वर्षं पत्रकारिता! आणि मला हे कुंताबाईंनी समजवायचं!

दामिनी म्हणाली, "बरोबर! म्हणून चित्राचे तुकडे करायचे, आणि नजर जिथं आहे तेवढाच तुकडा उघडायचा. तसं सॉफ्टवेअर तयार होतंय, काका. दोन आठवडे द्या." दोन आठवडे! पऱ्हे वाळतील, लग्नं लागतील, वरातीत म्हैस नाचेल!

तेव्हा तुलाराम उठला. तुलाराम गावचा पाणकर. तळ्याचं पाणी कुणाच्या बांधीत, म्हणजे शेताच्या तुकड्यात, किती वेळ सोडायचं ते हा ठरवतो, चाळीस वर्षं. म्हणाला, "अख्ख्या शिवाराले एका खेपेत पाणी देते का कोणी? बांधी बांधीनं द्याचं. त्या पोरीले सांगा, फोटोच्या आठ बांध्या पाड म्हना. आठ जनाईच्या फोनवर एक एक सोड. होते नाही होते?"

दामिनी हळूच म्हणाली, "काका, हे कोण बोललं?"

वीस मिनिटांत तिनं तुकडे केले. आभाळ कापून टाकलं, आभाळाबद्दल आमची तक्रार नव्हती. माझे बूटही कापले. आठ फोनांवर आठ तुकडे आले, आणि काय सांगू, स्वच्छ! पाळीवरचा गवताचा तुरा मोजून घ्या!

सुट्टी संपली. साहेब त्यांच्या फिरत्या खुर्चीवर, आणि भोवती गोल करून आम्ही आठ जण, छातीशी फोन धरून! मी म्हटलं, "साहेब, आता तुम्ही फिरा." आणि साहेब फिरले हो! पाळ... झाडं... देऊळ? इतक्यात देऊळ? "गोपीचंद, सरक तिकडं! तुझी जागा भिंतीनंतर!" तुडूम आला, आणि आता भिंत. भिंत होती कुंताबाईंकडे. आणि नेमका तेव्हाच त्यांचा फोन वाजला! भिंत गायब, तिथं त्यांच्या सुनेचा चेहरा. बाईंनी बटण दाबलं आणि ओरडल्या, "साधना, मी आता भिंत हावो! मंग बोल!"

फोन कापला, भिंत परत आली. साहेब पुढं वाकले, दोन बोटांनी चित्र मोठं केलं. तुडुमाच्या दगडाला चिकटलेलं सिमेंट, आणि त्या भिंतीवर खुद्द लक्ष्मणराव उभे, डोक्यावर छत्री. साहेब खुर्ची फिरवत त्यांच्याकडे वळले. "म्हशीला छत्री कोणी दिली?"

शुक्रवारी साहेबांच्या हुकमानं भिंत पाडली. तुलारामनं तुडूम उघडला, आठवड्यात रोवणी झाली, कुंताबाईंनी घरी बोलावून जेवू घातलं. मी चौफेर फोटोसकट जोरदार बातमी लिहिली, आमच्या पेपरनं ती फोनवर टाकली, आणि अख्ख्या जिल्ह्यात एकाच्याही फोनवर उघडली नाही. चक्र!

दुसऱ्या पेपरनं काय केलं? तहसीलमधला एक साधा फोटो छापला. दोन कॉलम. त्यात मध्ये मीच, हात वर, तोंड उघडं, गोपीचंदवर ओरडताना. आणि खाली ओळ... एकतीस वर्षं झाली मला या जिल्ह्यात, बरं का... खाली ओळ : "मोबाईल दाखवताना एक त्रस्त ग्रामस्थ."