बाबांचा स्क्रूड्रायव्हर

जुनी गाडी ठेवायची की काढायची म्हणताय, तर आमच्या बाबांचं ऐका. रिटायर झाल्यावर कारखान्याच्या टाउनशिपमधलं क्वार्टर सोडून ते अयोध्या नगरात आले, पण कारखान्यातली सवय सुटली नाही. कुठलंही यंत्र ते कानाने तपासायचे. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर, मूठ कानाला, आणि मग जे म्हणतील ते शेवटचं.

आमची गाडी दोन लाख किलोमीटर पळालेली. मेकॅनिक मला म्हणाला, "दीदी, अब इसे कबाड़ में दे दो."

घरी येऊन सांगितलं, तर बाबा भडकलेच. "न ऐकता भंगारात? मी ऐकतो. थोडक्यात भागणार असेल तर घरीच खोलू, नाहीतर देऊन टाकू."

मी गाडी सुरू केली. असा खडखडाट झाला, की समोरचे तिवारीजी चहाचा कप हातात घेऊनच बाहेर आले. तेही कारखान्यात बाबांच्याच शॉपमध्ये, म्हणजे विभागात होते. बाबा डोळे मिटून इंजिनावर वाकले होते. मग हसत ताठ उभे राहिले.

"बघ, जराही खडखड नाही. सुरेख चाललंय!"

तिवारीजी म्हणाले, "भाईसाहब, आवाज़ तो मेरी रसोई तक आ रही है."

"क्या?"

तिवारीजींनी जवळ येऊन तेच ओरडून सांगितलं.

बाबांनी हातातल्या स्क्रूड्रायव्हरकडे बघितलं. मग तो माझ्या हातात ठेवला.

"तू ऐकून सांग. पाना मी फिरवतो."