गणपतींच्या अंगातलं पाणी

बसतो हां तुमच्यासमोर, पण मधेच उठलो तर राग मानू नका, मला एका जागी बसायची सवयच नाय. माझी आवय, म्हणजे आई, म्हणायची, ह्याच्या पायाला भिंगरी लावून देवानं धाडलाय. जन्म सर्वणचा, डिचोलीच्या बाजूचं गाव. आमचं घर गणपती करणाऱ्यांचं. बापूस, आजो, पणजो, सगळे मातीत हात घालून जन्मभर मांडी घालून बसले, आणि त्यांच्या पोटी मी असा.

आमच्याकडे गिऱ्हाईक म्हणत नाय, घरं म्हणतात. चवथीच्या आधी दोन-अडीच महिने माणसं आपापला पाट आणून देतात, त्या पाटावर त्या घराचा गणपती होतो आणि तोच पाट डोक्यावर घेऊन माणसं परत जातात. पिढ्यानपिढ्या तेच घर, तोच पाट. बापूस मला एकच गोष्ट सांगायचा, पाट रिकामो परत जावचो नाय. आमचा स्वतःच्या घरचा गणपती सगळ्यांत शेवटी व्हायचा, उरलेल्या मातीचा.

मी एक सोंड करायचो की उठून अंगणात. गोवा राज्य झालं तेव्हा मी शाळेतून नुकता सुटलेला, तिठ्यावर लोक कोंकणी की मराठी म्हणून भांडत उभे, आणि मी म्हापशाची बस पकडली ती एसी-फ्रीजचं काम शिकायला. काय सांगू तुम्हाला, ते काम म्हणजे माझ्या पायांसाठीच केलेलं. आज पेडण्याला, उद्या किनाऱ्यावर, परवा इब्रामपूर. आमच्याकडची हवा तुम्हाला ठाऊक आहे, कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते, खारा वारा मशीनची जाळी खाऊन टाकतो. लोकांना वाटतं एसी फक्त थंड करतो. नाय हो, तो हवेतलं पाणी ओढून बाहेर टाकतो, निम्मं काम ते. बापूस मात्र म्हणायचा, वारो विकतंस तू, वारो. मला ते लागायचं, मी गाडीला किक मारून निघून जायचो.

मगे ते वर्ष आलं. श्रावणात ऊन म्हणून दिसलंच नाय. माती वाळेना. ओल्या मातीवर रंग धरत नाय, धरला तर दोन दिवसांत पोपडे. बापसानं कोळशाच्या शेगड्या लावल्या, वरून कोरडं, आत चिखल. चवथ तोंडावर आली आणि भिंतीला सगळे ओले गणपती रांगेत. बापूस जेवायचा थांबला. मी बाहेरून आलो तर म्हणतो कसा, पुता, तुजा मशीन पाणी ओढता म्हणतंस न्हय? हाड तर. म्हणजे घेऊन ये.

माझ्याकडे किनाऱ्यावरच्या एका हॉटेलानं टाकून दिलेला जुना विंडो एसी होता, अंग गंजलेलं पण मशीन ठीक. शाळेच्या जनेलात तो बसवला, शाळा म्हणजे आमची गणपती करायची खोली. चालू करणार एवढ्यात बापूस म्हणाला थांब, आणि आमच्या घरचा गणपती, अजून पुरता आटोपलाही नव्हता, तो पाटासकट उचलून मशीनच्या तोंडाशी ठेवला. म्हटलं बाबा, एवढ्या जवळ नको. तो म्हणाला, पयलो आमचो. फुटलो तर आमचो फुटांदे, लोकांचो नको.

आणि फुटलाच. दुसऱ्या दिवशी दुपारी बघतो तर वाऱ्याकडच्या कानापासून पोटापर्यंत चीर. आवय रडायला लागली. बापूस मात्र चिरेवर बोट फिरवत म्हणाला, कळला मां आता? म्हटलं कळलं. बाकीचे सगळे मी लांबच्या भिंतीकडे नेले, वारा वर छताकडे वळवला, कानांवर आणि सोंडेवर ओली फडकी घातली, म्हणजे बारीक जागा आधी सुकून फाटू नयेत. मी आत-बाहेर, आत-बाहेर, दर थोड्या वेळानं मातीला हात लावून बघ.

मशीनच्या मागच्या नळीखाली बालदी ठेवलेली. ती भरली की मी अंगणात ओतणार, तर बापूस धावून आला, अरे खंय ओततंस, ह्यां गणपतींच्या आंगातलां पाणी. त्या दिवसापासून प्रत्येक बालदी त्यानं स्वतः उचलली आणि परसातल्या रांजणात ओतली.

सगळे वाळले. रंग धरला. चवथीच्या आदल्या दिवशी एक एक पाट गेला, एकही रिकामा नाय, आणि उरला तो आमचा. बापसानं चीर पडलेला गणपती फोडला. आवय म्हणाली हे काय करताय, तो म्हणाला, प्राणप्रतिष्ठा जावंक नाय, अजून माती ती. ती माती त्यानं रांजणातल्या त्या पाण्यानं मळली आणि वीतभर गणपती केला. वाळवायला वेळ नव्हता. रंग नाय, नुसते काजळानं डोळे. आरतीला आलेले शेजारी कुजबुजले, रंगवणाऱ्याच्याच घरात बिनरंगाचा गणपती. बापसानं ऐकलं, टाळ थांबवला आणि म्हणाला, हेच्या आंगात तुमच्या सगळ्यांच्या घरचां पाणी आसा. मला तेव्हा रडू आलं हो, लपवलं नाय मी.

आता बापसाचे हात थरथरतात. माती माझी बायको करते, त्याच्याच बाजूला बसून शिकली ती, बसायचं सुख तिला आहे. मशीन नवं आहे, पण चालू करायच्या आधी आमचाच पाट पहिला पुढे ठेवतात, आणि आमचा गणपती अजून बिनरंगाचाच. माझा फोन वाजत असतो, पेडण्याला गॅस भरायचा, कुणाची नळी तुंबली, मी एका पायावर उभा. आणि शाल पांघरून आत बसलेला बापूस हाक मारतो, पुता, बालदी भरली काय बघ.

उठतो हां मी. देव तुमचं बरं करो, जनेल ओढून घ्या, आत गणपती आहेत.